आयलीनचा आवाज घेऊन स्कॉटलंडला

मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत माझी पिशवी बाजूला काढली गेली. पिशवीत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि डब्यात टेपची दोन रिळं. तपासणीच्या तरुण अधिकाऱ्याने त्यातलं एक उलटसुलट करून पाहिलं. रीळ म्हटलं की त्याच्या पिढीला फोनवरचं आठवतं. हे असलं, ताटलीएवढं, त्याने बहुधा कधी पाहिलं नसावं.

"मॅडम, काय आहे यात?"

"टेप आहेत. आवाज रेकॉर्ड केलेला."

"कुणाचा?"

"माझ्या मैत्रिणीचा."

"गाणी वगैरे?"

"नाही. नुसते शब्द. त्यांना काही अर्थ नाही."

त्याने एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि डबा बंद करून परत दिला.

मी सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी एडिनबऱ्याला संगणकशास्त्रात पीएच.डी. करत होते. आयलीन माझ्याच खोलीत बसायची, माझ्याच वयाची, आणि संशोधनासाठी तिने पडदे लावलेल्या एका कोंदट खोलीत बसून असे शेकडो निरर्थक शब्द वाचले होते. त्या टेपची एक प्रत परतताना मी पुण्याला आणली. पुढे कॉलेजात शिकवण्यात माझी हयात गेली आणि डबा कोथरूडच्या घरातल्या माळ्यावर पडून राहिला.

गेल्या वर्षी आयलीनच्या नवऱ्याचा, डंकनचा, ईमेल आला. आम्ही कधी भेटलो नव्हतो. नाताळच्या शुभेच्छापत्रावर आयलीनच्या सहीखाली त्याची सही असायची, तेवढीच ओळख. त्याने थोडक्यात लिहिलं होतं. आयलीनला मोटर न्यूरॉनचा आजार झाला आहे. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून निकामी होतात, डोकं मात्र शाबूत राहतं. बोलणं आता पूर्ण गेलं. आवाज जायच्या आधी तो रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे यंत्राला तुमच्याच आवाजात बोलता येईल, असं हॉस्पिटलने सांगितलं होतं, पण ती पुढच्या आठवड्यात करू म्हणत राहिली. आता ती डोळ्यांनी पडद्यावरची अक्षरं निवडते आणि यंत्र एका तयार आवाजात बोलतं. तुमच्याकडे त्या टेप अजून आहेत का? विद्यापीठातल्या टेप इमारत बदलताना फेकल्या गेल्या.

टेप होत्या. पुण्यातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या मालकाने जुनं यंत्र काढून वीतभर टेप चालवली, तर यंत्रावर तपकिरी भुकटी जमली. त्याने लगेच थांबवलं. म्हणाला, "ताई, मी हात लावत नाही. खराब झाली तर तुम्ही मला आयुष्यभर माफ करणार नाही." डंकनने मग एडिनबऱ्यात या कामातल्या माणसाचा शोध घेतला. त्या माणसाने कळवलं, टेप पाठवू नका, हातात घेऊन या.

म्हणून ऑक्टोबरमध्ये निघाले.

वेम्बली

लंडनला भाचीकडे, केतकीकडे, दोन दिवस थांबले. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर दिवाळीची गर्दी होती. पेढ्यांचे खोके फुटपाथपर्यंत आलेले, कारली आणि गवार ढिगाने, अळूची पानं तर आमच्या मंडईत मिळतात त्याहून नीट रचलेली. थंडीच्या जाड कोटातल्या बायका पणत्या पारखत होत्या. चकलीची भाजणी मिळाली. केतकीला म्हटलं, मी उगीच पुण्याहून आणली. ती म्हणाली, "इथली भाजणी ओके असते गं मावशी, पण त्यात तू नसतेस." अशी वाक्यं तिला कामाच्या कॉलवर बोलून बोलून सुचत असावीत, तरी मला बरं वाटलं.

तिची मुलगी इरा तेरा वर्षांची आहे. पहिल्याच संध्याकाळी ती आनंदाने सांगत आली, "मावशीआजी, तुझा बॅग मी हीटरवर ठेवला, म्हणजे तो ड्राय राहील."

मी उठून धावले. भिंतीवरचा हीटर चांगलाच तापला होता. डबा हाताला कोमट लागला.

"इरा, बॅग ती असते," केतकी स्वयंपाकघरातून ओरडली.

"तेच म्हटलं ना मी. तो ड्राय राहील."

रात्री जेवताना केतकीने विचारलं, "आणि समज, तिथे जाऊन टेप चाललीच नाही तर?"

"मग तिला भेटून परत येईन."

"तिच्याकडे केअरर येते ना? कौन्सिलकडून?"

"सकाळ-संध्याकाळ येते म्हणे, तिचं सगळं आवरायला."

"मग तू तिथे जाऊन राहणार, मदत करणार, असं काही डोक्यात घेऊ नकोस. इकडे लोकांना ते ऑकवर्ड होतं."

केतकी बरीच वर्षं इथे आहे, तिचं खरं असेल असं मी धरून चालले.

एडिनबरा

शंतनू स्टेशनवर घ्यायला आला होता. चाळिशीचा, नागपूरचा, बायको इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. विद्यापीठात तो आवाजाच्याच संशोधनात आहे. डंकनने शोधलेला तज्ज्ञ मराठी निघाला, हे मला फोनवर त्याच्या "हो न, मॅडम" वरून कळलं होतं.

"प्रवास बरा झाला न? द्या तो डबा. नाही, मीच धरतो, इथे वारा फार आहे."

वारा खरंच फार होता. स्टेशनच्या पायऱ्या चढून वर येईपर्यंत माझी छत्री उलटी झाली आणि एका बाईने हसून, न थांबता, कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यात आधीच चार छत्र्या होत्या. गाव होतं तसंच होतं, धुराने काळवंडलेल्या दगडाचं, चढ-उताराचं. आमच्या विभागाची जुनी इमारत मात्र आता विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे. आमच्या खोलीच्या खिडकीत कुणीतरी मोजे वाळत घातले होते.

त्या इमारतीच्या तळघरात तेव्हा एक मोठा संगणक होता. सगळ्यांनी मिळून वापरायचा, वेळ आधी मागून घ्यायचा. मग एके दिवशी विभागाने पहिला वैयक्तिक संगणक विकत घेतला. कीबोर्ड आणि यंत्र एकाच बदामी खोक्यात, पडदा म्हणून साधा टीव्ही, प्रोग्रॅम गाण्याच्या कॅसेटवर साठवायचे. ज्येष्ठ प्राध्यापक त्याला खेळणं म्हणायचे. आमच्या सरांनी ते खेळणं आम्हा दोघींच्या टेबलावर आणून ठेवलं आणि विचारलं, "याला बोलता येईल का?"

नुसता आवाज भरून ठेवायचा तर दोन-तीन वाक्यांतच त्याची मेमरी संपली असती. म्हणून शब्द साठवायचेच नाहीत. एका ध्वनीतून दुसऱ्या ध्वनीत जाताना जो सांधा असतो, तेवढाच साठवायचा. मग असे सांधे जोडून कुठलाही शब्द उभा करता येतो. माझं काम सांधे दाबून लहान करण्याचं, आयलीनचं जोडण्याचं. एका आवाजाला कमीत कमी किती जागा लागते, हा आमचा दोघींचा प्रश्न. आवाज तिचा घेतला, कारण परीक्षकांना माझे पुणेरी उच्चार चालले नसते. सुरात चढ-उतार असला की सांधे जुळत नाहीत, म्हणून तिला सगळं एका सपाट सुरात वाचावं लागे.

पहिलं वाक्य यंत्र बोललं तेव्हा पत्र्याच्या नळीतून आल्यासारखं "गुड मॉर्निंग" ऐकू आलं. खोलीतले सगळे हसले. सर म्हणाले, "खेळणं बोलायला लागलं." आयलीन हसली नाही. ती नुसती टीव्हीकडे पाहत राहिली.

शंतनूच्या प्रयोगशाळेत यातलं काहीच नव्हतं. स्वच्छ टेबलं, कॉफीचं यंत्र, आणि कोपऱ्यात फळं सुकवायचं एक घरगुती यंत्र.

"याच्यात?" मी विचारलं.

"याच्यातच. टेपवर जी तपकिरी भुकटी असते न, आवाज तिच्यात. ती पट्टीला धरून ठेवणारा गोंद हवेतलं पाणी ओढतो. तुमच्या रिळांनी पुण्याचे इतके पावसाळे प्यायले आहेत. मंद आचेवर ते पाणी काढायचं. मग थोडे दिवस टेप धड चालते, तेवढ्यात उतरवून घ्यायची."

त्याने रिळं जाळीच्या ताटल्यांवर आडवी ठेवली आणि झाकण लावलं. गच्चीवर आंबोशी वाळत घालून कावळ्यांवर लक्ष ठेवत बसावं, तशी मी थोडा वेळ तिथे बसले. मग शंतनूच म्हणाला, "मॅडम, हे उद्यापर्यंत चालणार. तुम्ही जाऊन या त्यांच्याकडे."

फाइफचा किनारा

एडिनबऱ्याहून उत्तरेला निघालेली गाडी खाडीवरच्या लाल लोखंडी पुलावरून जाते. पलीकडे फाइफ परगणा, आयलीनचं गाव त्याच्या किनाऱ्यावर. पुढे बसने किनाऱ्याकिनाऱ्याने कोळ्यांची छोटी गावं लागतात. घरांवर लाल कौलं, जवळजवळ आपल्या मंगळुरी कौलांसारखी. नारळ मात्र नाहीत आणि समुद्राचा रंग शिशासारखा. मी एक थांबा आधीच उतरले आणि उरलेलं अंतर समुद्राकाठच्या वाटेने चालले. समोरून येणारा प्रत्येक माणूस हवेबद्दल काहीतरी बोलून जात होता आणि उत्तराची वाट न पाहता पुढे सरकत होता. पुण्यात अनोळखी माणूस बोलला तर त्याला पत्ता हवा असतो.

डंकन दारातच उभा होता. उंच, मोठ्या हातांचा. आयुष्यभर मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस.

"आत जायच्या आधी एक सांगायचंय," तो हळू आवाजात म्हणाला. "टेपचं मी तिला बोललेलो नाही."

"म्हणजे मी का आलेय असं वाटतंय तिला?"

"भेटायला."

"भेटायलाही आलेच आहे," मी म्हटलं.

आयलीन खिडकीपाशी खुर्चीत होती. मान एका बाजूला आधाराला टेकलेली, हात मांडीवर कुणीतरी ठेवल्यासारखे. केस आखूड आणि पांढरे. डोळे तेच. समोर पडदा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ गेला. मग एक नीटनेटका, लंडनच्या बातम्यांसारखा बाईचा आवाज म्हणाला, "वासू. तू म्हातारी झालीस."

वसुधा तिला कधीच म्हणता आलं नव्हतं.

"तूसुद्धा," मी म्हटलं.

डंकनने मसुराचं सूप केलं होतं. गाजर, कांदा, मिरी. फोडणी न दिलेली घट्ट आमटीच. आयलीनला तेच अगदी पातळ करून नळीतून. माझ्यासमोर तिला संकोच वाटेल म्हणून मी ताटलीत पाहत राहिले. आमच्याकडे आजाऱ्याभोवती दहा माणसं गोळा होतात आणि प्रत्येक जण काहीतरी सुचवतो. इथे दुपारभर कुणीही आलं नाही. फक्त शेजारणीने दारात अंड्यांची पिशवी ठेवली आणि बेल न वाजवता निघून गेली. दोन्ही पद्धतींत आजारी माणसाला कोणती बरी वाटते, मला सांगता येणार नाही.

जेवण झाल्यावर यंत्र बोललं, "आता खरं सांग. का आलीस?"

मी डंकनकडे पाहिलं. त्याने मानेने हो म्हटलं. मी सांगितलं.

आयलीनने डोळे मिटले. डोळे मिटले की तिचं बोलणं बंद, दुसरा कुठला मार्गच नाही. डंकन उठून भांडी घासायला गेला. मी बाहेर धक्क्यावर आपटणाऱ्या लाटा पाहत बसले. मला राग आला नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

बऱ्याच वेळाने डोळे उघडले. अक्षरं एकेक करून जमत गेली.

"मला विचारायला हवं होतं. तो डेटा आहे. मी नाही."

"खरंय," मी म्हटलं.

"अर्थ नसलेले शब्द. एका सुरात. त्यातून काय माणूस उभा करणार?"

"मला माहीत नाही. शंतनू म्हणतो, आता जमतं. तुला नको असेल तर मी डबा घेऊन परत जाते."

तिचे डोळे पडद्यावर फिरू लागले.

"टेपची अवस्था कशी आहे?"

"गोंद सुटलाय. फळं सुकवायच्या यंत्रात ठेवल्यात."

"तापमान किती?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मला तापमान माहीत नव्हतं. मी शंतनूला फोन लावला, त्याने आकडा सांगितला. आयलीनने लिहिलं, "जरा कमी करायला सांग." आणि तिने नकार दिला नाही, एवढ्यावर मी त्या दिवशी निघाले.

दोन रिळं

पहिलं रीळ अगदी सुरळीत चाललं. दुसऱ्याची अर्धी टेप नीट वाजली आणि पुढे भुकटी सांडत गेली. शंतनूने हाताने सावरत जितकं मिळालं तितकं उतरवून घेतलं.

प्रयोगशाळेत आयलीन बोलू लागली. सव्वीस वर्षांची, वरच्या पट्टीतली, सपाट. एकामागून एक, कशालाच अर्थ नसलेले शब्द. मी खुर्चीत बसून ऐकत होते. मला त्या आवाजाबरोबर त्या खोलीतला ओल्या लोकरीचा वास आला, इतकंच लिहिते. मधेच ती थांबली आणि म्हणाली, "वासू, मला तहान लागलीये. मी माणूस आहे, टाइपरायटर नाही." आणि माझा, पुण्याहून नुकत्याच आलेल्या मुलीचा आवाज, "दहा शब्द राहिले, प्लीज." मग ती हसली, खोकली, कुठल्याशा बसबद्दल तक्रार करू लागली. टेप बंद करायची राहून गेली होती.

शंतनूने तेवढा भाग पुन्हा लावला. "मॅडम, हे सोनं आहे. शब्द आपल्याकडे होतेच. बोलण्याची चाल नव्हती. ती इथे आहे."

चार-पाच दिवसांनी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन फाइफला गेलो. शंतनूने तो आयलीनच्या यंत्राला जोडला. डंकन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, दोन्ही हात पाठीवर घट्ट धरून. पहिलं वाक्य शंतनूनेच आधी भरून ठेवलं होतं, "नमस्कार, मी आयलीन."

आवाज स्पष्ट होता. पत्र्याची नळी नाही, काही नाही. तेव्हा माझ्या शेजारी बसणारी मुलगी बोलत होती.

मी डंकनकडे पाहिलं. त्याचा चेहरा रिकामा होता.

"छान आहे," तो म्हणाला. "खूप छान काम केलंत." आणि कोट घेऊन बाहेर पडला.

शंतनू गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी डंकनच्या मागे गेले. तो धक्क्याच्या टोकाला, खेकड्यांच्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी उभा होता.

"माफ करा," तो म्हणाला. "इतक्या लांबून आलात."

"काय झालं?"

"मला वाटलं होतं, आवाज ऐकला की ती परत येईल." त्याने नाक पुसलं, वाराही होता. "ही मुलगी मला कधी भेटलीच नाही. आयलीन मला भेटली तेव्हा पंचेचाळिशीची होती. गणित शिकवून, वर्गात ओरडून, सिगरेटी ओढून आवाज बसला होता तिचा. खरखरीत. फोनवर लोक तिला 'सर' म्हणायचे. तो आवाज ओळखीचा आहे मला. हा नाही."

मी ज्या आवाजाला भेटायला आले होते तो मला मिळाला होता, आणि त्याला हवा होता तो कुठल्याच टेपवर नव्हता. त्यांच्याकडे तिची जुनी रेकॉर्डिंगं नव्हती का, असं मी विचारलं. तिला फोनवर निरोप ठेवायला आवडायचं नाही, तो म्हणाला, आणि फोटो-व्हिडिओत ती नेहमी कॅमेऱ्याच्या मागे.

आम्ही परत आलो तेव्हा शंतनू जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि आयलीन त्याला कामाला लावत होती.

"पट्टी खाली आण," यंत्र त्याच जुन्या तयार आवाजात सांगत होतं. "आणखी. आता सपाट झालं. वाक्याच्या शेवटी मी सूर टाकून देते. तुझा प्रोग्रॅम उचलतो."

"इतकं पुरे?"

"नाही. त्यात श्वास घाल. घशातला."

डंकनने ते पाहिलं आणि जिन्याने वर निघून गेला.

उरलेले दिवस

माझं परतीचं तिकीट मी पुढे ढकललं आणि फाइफलाच थांबले. केतकीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मी काय सांगितलं होतं?" मी म्हटलं, मी मदत करत नाहीये, संशोधन करतेय.

दिवस असे जायचे. सकाळी केअरर आयलीनला आवरून खुर्चीत बसवायची. शंतनू एक दिवसाआड यायचा, उरलेल्या वेळी एडिनबऱ्याहून फोनवर. आयलीन वाक्य ऐकायची, काय चुकलं ते सांगायची, तो बदलायचा. एका वाक्याला कधी अख्खी दुपार जायची. ती थकली की मी दुकानात जाऊन ओटच्या बिस्किटांचं आणखी एक पाकीट आणायची. चवीला भाजलेल्या पुठ्ठ्यासारखी, पण चीजबरोबर सवय लागते.

एक अडचण मात्र सुटत नव्हती. बरोबर आलं की नाही हे ठरवणार कोण? मला तिचा तरुणपणचाच आवाज ठाऊक. शंतनूने तिला बोलताना कधी ऐकलेलंच नाही. आणि आयलीन स्वतःला चांगली परीक्षक मानत नव्हती.

"स्वतःचा आवाज मी आयुष्यभर आतून ऐकला," तिने लिहिलं. "बाहेरून तो फक्त डंकनला माहीत आहे."

"मग त्याला बोलावू?"

"नको. विचारलं तर तो छानच म्हणेल."

डंकन या सगळ्यापासून लांब राहत होता. चहा आणून द्यायचा, लाकडं फोडायचा, बागेतलं कुंपण दुरुस्त करायचा. एकदा मला म्हणाला, "ती पुन्हा काम करतेय. मला तेवढं पुरे आहे." आणि पुढे थोड्या वेळाने, मी काहीच न विचारता, "इतका राग तिच्या डोळ्यांत किती दिवसांनी पाहिला."

निघायच्या आदल्या दिवशी शंतनू सकाळीच आला. आयलीनने शेवटचे बदल सांगितले. त्या दिवशी तिने आवाज एकदाही मोठ्याने लावू दिला नाही. शंतनूने हेडफोन तिच्या कानांवर धरले आणि तिने एकटीने ऐकलं. दुपार कलली. बाहेर ऊन पडलं होतं, इथल्या लोकांना घराबाहेर काढणारं ते फिकट ऊन. डंकन आमच्यासाठी हॅडक मासा तळत होता. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं आणि रेडिओ हळू चालू होता.

आयलीनने शंतनूला डोळ्यांनी खूण केली. त्याने हेडफोनची वायर काढली. ती लिहू लागली. मी पडदा पाहिला नाही, दुसऱ्याचं न संपलेलं वाक्य वाचू नये म्हणून.

मग खोलीत एक बाई बोलली. वयस्कर, खरखरीत, किनारपट्टीच्या हेलातली, वाक्याचा शेवट टाकून देणारी. मला ती अनोळखी होती.

"डंकन, मासा फार तळू नकोस."

"नाही गं तळत," आतून डंकन म्हणाला. "दर वेळी तेच. तूच बघ ना येऊन..."

तो थांबला. आतला रेडिओ बंद झाला. शंतनूने हात लॅपटॉपवरून उचलून मांडीवर ठेवले. आयलीन दाराकडे पाहत होती, पडद्याकडे नाही, म्हणजे तिला आता काहीच बोलता येत नव्हतं.

डंकन दारात आला. हातात उलथनं, त्यावरून तेल फरशीवर ठिबकत होतं.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

तिने पडद्याकडे पाहिलं. तिला वेळ लागतो. एक अक्षर, मग दुसरं. आम्ही कुणी हललो नाही. डंकन तिच्या डोळ्यांकडे बघत उभा राहिला आणि ते संपेपर्यंत त्याने उलथनं खाली ठेवलं नाही.

"मासा जळतोय," आयलीन म्हणाली.

आणि तो खरंच जळत होता.